खाणींतील पाणी आणि पंपांचा भरंवसा

शहरांतील घरांत पंप बंद पडला म्हणजे गच्चीवरील टांकी रिकामी होते, दुपारपर्यंत बादल्यांची धांवपळ चालते, आणि संध्याकाळीं मिस्त्री येऊन गेला कीं प्रकरण मिटतें. पंप बिघडला तर पाणी येत नाहीं, एवढाच त्या बिघाडाचा अर्थ घरांतील माणसांस ठाऊक असतो. खाणींत गोष्ट उलट आहे. तेथें पंप बंद पडला कीं पाणी येऊं लागतें, आणि मिस्त्री येईपर्यंत तें थांबत नाहीं.

जमिनीच्या पोटांत कांहीं हात खणलें कीं पाणी लागतें, हें विहीर खणणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. विहिरीच्या धन्याला ज्या झऱ्याचा आनंद होतो, त्याच झऱ्याची खाणीच्या धन्याला धास्ती वाटते. पावसाचें पाणी खडकांच्या भेगांतून झिरपत खालीं उतरतें, सच्छिद्र दगडांत सांठून राहतें, सोडून दिलेल्या जुन्या बोगद्यांत तळीं करून बसतें; आणि नवी खाण जसजशी खोल जाते तसतसें तें चहूंकडून तिच्यांत उतरूं लागतें. कित्येक कोळशाच्या खाणींत वर काढलेल्या कोळशाच्या वजनापेक्षां वर काढलेल्या पाण्याचें वजन अधिक भरतें. अशा खाणीला कोळशाची खाण म्हणावें कीं पाण्याची, असा प्रश्न एखाद्या विनोदी हिशेबनिसास पडला तर त्यांत नवल नाहीं.

जॉर्ज आग्रिकोला ह्या जर्मन वैद्यानें खाणी व धातु ह्यांवर लिहिलेला मोठा लॅटिन ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, १५५६ सालीं, छापून निघाला. त्याच्या सहाव्या भागांत पाणी उपसण्याच्या यंत्रांचीं चित्रें आहेत. कोंकणांतील वाडींत फिरणाऱ्या रहाटगाडग्याची आठवण व्हावी अशी डब्यांची माळ त्यांत आहे. घोड्याच्या केसांनीं भरलेले चामड्याचे गोळे सांखळीवर ओंवून ते लांकडी नळांतून वर ओढावयाचे, आणि त्यांच्याबरोबर पाणीही वर चढावयाचें, अशीही एक युक्ति आहे. कार्पेथियन पर्वतांतील शेम्नित्स येथें अशा यंत्रांवर पाळीपाळीनें ९६ घोडे जुंपीत, असें आग्रिकोलानें नमूद केलें आहे. घोडा थकतो, आजारी पडतो, मरतो. परंतु ९६ घोडे एकाच क्षणीं मरत नाहींत. पुढें यंत्रें आलीं तेव्हां खर्च पुष्कळ वांचला, पण घोड्यांच्या तबेल्यांतील हा एक गुण त्या व्यवहारांत नाहींसा झाला.

पाणी ओढून घेणाऱ्या पंपाला निसर्गानेंच एक मर्यादा घालून दिलेली आहे. सुमारें १८ हातांहून अधिक उंचीवर कोणताही पंप पाणी ओढूं शकत नाहीं, असें एका कारागिराकडून कळल्याचें गॅलिलिओनें १६३८ सालच्या आपल्या ग्रंथांत लिहिलें आहे. त्याचें कारण त्याचा शिष्य टॉरिचेली ह्यानें पुढें उलगडलें. पंप पाणी ओढीत नाहीं. पंप फक्त नळांतील हवा काढून घेतो, आणि बाहेरच्या हवेचा दाब पाण्याला वर ढकलतो. तो दाब सुमारें ३४ फूट पाणी तोलून धरतो, अधिक नाहीं. आणि सांध्यांतून थोडी हवा शिरते हें लक्षांत घेतां व्यवहारांत वीस-पंचवीस फुटांपलीकडे भरंवसा ठेवतां येत नाहीं. म्हणजे शंभर पुरुष खोल खाणींतील पाणी काढावयाचें तर वर बसून तें ओढून घेतां येणार नाहीं. पंपाला स्वतःच पाण्यापाशीं खालीं उतरलें पाहिजे, आणि तेथून पाणी वर रेटलें पाहिजे. खाणींतील पंपांची सारी अडचण ह्या एका गोष्टींत आहे. ज्या पाण्यापासून खाण वांचवावयाची, त्याच्याच कांठीं पंपाला बसावें लागतें.

न्यूकोमेन नांवाचा इंग्लंडांतील डार्टमथ गांवचा एक लोखंडी सामानाचा व्यापारी होता. त्यानें १७१२ सालीं डडलीजवळच्या कोळशाच्या खाणीवर वाफेचें पहिलें उपयुक्त एंजिन उभें केलें. मोठ्या तुळईच्या एका टोंकास नळकांड्यांतील दट्ट्या, दुसऱ्या टोंकास खाणींत उतरलेले पंपाचे दांडे. नळकांड्यांत वाफ भरावयाची, तिच्यावर थंड पाण्याचा फवारा सोडून ती विरवावयाची, आणि झालेल्या पोकळींत बाहेरच्या हवेनें दट्ट्या खालीं दाबावयाचा, अशी ती रचना होती. मिनिटास बारा हेलकावे, दर हेलकाव्यास १० गॅलन पाणी, खोली १५३ फूट. हिशेब केला तर तें काम साडेपांच अश्वशक्तीचें भरतें. आजची साधी मोटरगाडीही ह्याच्या कितीतरी पट शक्तीची असते. पण तें एंजिन रात्रंदिवस चालत असे, त्याला दाणावैरण लागत नसे, आणि तें आंधळ्या हवेच्या दाबानें चालणारें असल्यामुळें त्याच्या वाफेच्या भांड्यांत फारसा जोर नसे; त्यामुळें स्फोटाचेंही भय थोडें. तें कोळसा मात्र बेसुमार खात असे. कोळशाच्या खाणीवर चुरा फुकट पडलेला असतो, तेथें त्याचें कोणाला कांहीं वाटलें नाहीं.

कॉर्नवॉलची गोष्ट वेगळी होती. इंग्लंडच्या ह्या नैर्ऋत्य टोंकाला तांबें व कथील विपुल आहे, कोळसा मुळींच नाहीं. तो वेल्समधून जहाजानें आणावा लागे. जेम्स वॉटच्या सुधारलेल्या एंजिनानें कोळशाची बचत केली. वॉटचे हक्क १८०० सालीं संपले. आणि १८११ पासून जोएल लीन ह्या खाणकामांतील जाणत्या गृहस्थानें दर महिन्यास एक पत्रक काढण्यास आरंभ केला. कोणत्या खाणीवरील एंजिनानें एक बुशेल कोळशांत किती पौंड पाणी एक फूट उंच चढविलें, ह्याचा आंकडा त्यांत छापून येई. हेलकावे मोजणारें घड्याळासारखें यंत्र तुळईवर बसवून त्याला कुलूप लावीत. शाळेंतील मुलांचे गुण फळ्यावर लागावे तसे एंजिनांचे गुण गांवोगांवीं वाचले जाऊं लागले, आणि एंजिनिअरांत चुरस लागली. फॉय कन्सॉल्स खाणीवरील एका एंजिनानें १८३५ सालच्या परीक्षेंत साडेबारा कोटींचा आंकडा गांठला. वॉटच्या काळीं दोन-अडीच कोटी म्हणजे उत्तम समजत.

ह्या चुरशीची दुसरी बाजू मात्र फार लोकांच्या ध्यानांत नसते. कमी कोळशांत अधिक काम काढावयाचें तर जोरदार वाफ हेलकाव्याच्या आरंभींच एकदम सोडावी लागे, व मग ती बंद करून तिला पसरूं द्यावें लागे. त्यामुळें प्रत्येक हेलकाव्यास खाणींतील शेंकडों फूट लांबीच्या दांड्यांना हिसका बसे. दांडे तुटत, सांधे सैल होत. आंकडा चढवावा तर यंत्र मोडतें, यंत्र जपावें तर आंकडा उतरतो! अनुभवानें शहाणे झालेल्या एंजिनिअरांनीं पुढें वाफेचा जोर आंवरता घेतला आणि पत्रकांतील आंकडे उतरले. त्यांना कोणी बक्षीस दिलें नाहीं, पण पंप चालू राहिले.

कॉर्नवॉलच्या पंपाची घडण भरंवशाच्या दृष्टीनें पाहण्यासारखी आहे. तेथें एंजिन पाणी उचलीत नसे. एंजिन उचली तें लांकडी दांड्यांचें कित्येक टन वजन. दांडे वर गेले कीं वाफ सोडून देत, आणि ते आपल्याच भारानें सावकाश खालीं येतांना टप्प्याटप्प्यावरील पंपांतून पाणी वर रेटीत. पृथ्वीचें आकर्षण कधीं बंद पडत नाहीं, त्याला वंगण लागत नाहीं. झडपा साध्या, चामड्याच्या पट्टीवर उघडझांप करणाऱ्या. एखादी अडली तर वरच्या माणसाला हेलकाव्याच्या लयींतूनच तें कळे. शिवाय एंजिन जमिनीवर. खालीं पाणी चढलें आणि तळचा पंप बुडाला तरी त्याचा दांडा वरून हलवितां येई, आणि बुडालेला पंप पाण्याखालूनच पाणी उपसून स्वतःला मोकळा करी. १८५४ सालीं घडविलेलें ८० इंची नळकांड्याचें असें एक एंजिन साउथ क्रॉफ्टी खाणीच्या रॉबिन्सन शाफ्टवर १९०३ पासून चालत होतें. तें १ मे १९५५ रोजीं थांबविण्यांत आलें, तेव्हां त्याचें वय १०१ वर्षांच्या घरांत होतें.

परंतु ह्या वयोवृद्ध यंत्रांची थोरवी सांगतांना न्यू हार्टलेची गोष्ट सांगितली नाहीं तर ती अर्धीच राहील.

नॉर्थंबरलंडच्या समुद्रकांठीं हार्टले येथें कोळशाची जुनी खाण होती. समुद्राचें पाणी शिरल्यामुळें ती १८४४ सालीं सोडून द्यावी लागली. तेव्हां थोड्या अंतरावर नवी विहीर खणण्यांत आली, आणि जुना अनुभव ताजा असल्यामुळें तिच्यावर फार मोठें पंपाचें एंजिन बसविण्यांत आलें. मालकांनीं पाण्याविषयीं हयगय केली असें म्हणतां येणार नाहीं. एंजिनाची तुळई ओतीव लोखंडाची, सुमारें ४२ टन वजनाची होती, आणि तिचें अर्धें अंग खाणीच्या तोंडावर ओणवलेलें असे. सुमारें बारा फूट रुंदीच्या त्या एकाच विहिरींतून सर्व व्यवहार चालत. फळ्यांची एक उभी भिंत घालून तिचे दोन भाग केलेले होते. एका भागांत पंपाचे नळ व दांडे. दुसऱ्या भागांत माणसें व कोळसा वर-खालीं नेणारा पिंजरा. शुद्ध हवा आंत जाण्याची आणि दूषित हवा बाहेर येण्याची वाटही हीच. दुसरी विहीर खणण्यास खर्च येतो. त्या काळच्या कायद्यानें ती सक्तीची केलेली नव्हती.

१८६२ सालच्या जानेवारीची १६ तारीख, गुरुवार. सकाळचे साडेदहा वाजले होते. नवी पाळी खालीं उतरली होती, आणि जुन्या पाळीचीं माणसें वर येऊं लागलीं होतीं. म्हणजे दिवसांतून ज्या थोड्या वेळीं खाणींत दोन्ही पाळ्यांचीं माणसें असत, ती ही वेळ. पिंजऱ्यांत आठ जण वर येत होते. इतक्यांत तुळई मधोमध मोडली, आणि वीस टनांहून अधिक वजनाचा तिचा तुकडा विहिरींत कोसळला. फळ्यांची भिंत, भिंतीचें अस्तर, पंपाचे दांडे, सर्व ओरबाडीत तो खालीं गेला आणि लांकूड, दगड व लोखंड ह्यांचा घट्ट बुच मध्येंच बसला. पिंजऱ्यांतील पांच जण ठार झाले. खालीं १९९ माणसें व मुलगे अडकले. कित्येक घरांतील बाप आणि मुलगे एकाच वेळीं खालीं होते.

ह्या अपघातांत जें घडलें त्याचा क्रम नीट पाहिला पाहिजे. पंप थांबला, म्हणून तळाशीं पाणी चढूं लागलें. माणसें वरच्या थराकडे सरकलीं. तेथपर्यंत पाणी त्यांना गांठूं शकलें नसतें. पण पंप ज्या वाटेनें उतरला होता तीच त्यांची एकुलती एक वाट होती, आणि तीच त्यांची हवाही होती. विल्यम कोल्सन ह्या विहीर खणण्याच्या कामांतील नामांकित उस्तादाच्या हाताखालीं लोक दोरांवर लोंबकळत, घसरणाऱ्या ढिगाऱ्यावर, रात्रंदिवस खपत होते. राणी व्हिक्टोरियाकडून विचारपुशीच्या तारा येत होत्या. गांवचीं बायकामाणसें विहिरीच्या तोंडाशीं थंडींत उभीं होतीं. सहाव्या दिवशीं, २२ जानेवारीस, वाट झाली. आंत कोणीही जिवंत नव्हतें. कार्बन मोनॉक्साइड ह्या विषारी वायूनें माणसें बसल्या जागीं, रांगेनें, झोंप लागावी तशीं गेलीं होतीं. एका मुकादमाच्या टिपणवहींत प्रार्थनेची सभा भरल्याची नोंद सांपडली. ती शुक्रवार दुपारची होती. म्हणजे अपघातानंतर एक दिवस उलटला तरी तीं माणसें जिवंत होतीं.

मेलेल्यांची संख्या २०४ झाली. चौकशीच्या पंचांनीं दोन गोष्टी सुचविल्या. प्रत्येक चालू खाणीस बाहेर पडण्याचा निदान एक दुसरा मार्ग असावा, आणि पंपांच्या एंजिनांच्या तुळया ह्यापुढें ओतीव लोखंडाऐवजीं घडीव लोखंडाच्या असाव्या. ओतीव लोखंड भार सोसतें, पण ताण सोसतांना तें ठिसूळ ठरतें. ओततांना आंत पोकळी राहिली तर ती वरून दिसत नाहीं, आणि मोडतांना तें आधीं वांकून इशारा देत नाहीं. त्याच वर्षीं पार्लमेंटनें दोन वाटांची सक्ती करणारा कायदा केला. ह्या दोन सूचनांपैकीं तुळईची सूचना एंजिनिअरांस अधिक पटली असेल. पण माणसें वांचविणारी सूचना पहिली होती. लोखंड कितीही चांगलें घेतलें तरी तें कधींतरी मोडणार, हें गृहीत धरून ती केलेली होती.

विजेची मोटर आली आणि पंपांचें सारें रूप पालटलें. म्हैसूर संस्थानांत शिवसमुद्रम् येथील धबधब्यावर तयार झालेली वीज १९०२ सालीं सुमारें ९० मैलांवरील कोलारच्या सोन्याच्या खाणींस पोंचली. तुळई, दांडे, एंजिनाचें घर हीं सर्व अडगळ गेली. एका कोठडींत मावणारा, पंख्याच्या चक्रानें पाणी भिरकावणारा केंद्रोत्सारी पंप खालीं बसवावयाचा आणि वरून तार सोडावयाची, एवढ्यांत काम होऊं लागलें. ३०० मीटर खोलीवरून मिनिटास एक घनमीटर पाणी वर काढावयाचें तर शुद्ध हिशेबानें ४९ किलोवॅट शक्ति लागते; घर्षणाची गळती धरली तर ७०. एवढें यंत्र दोन-चार माणसें ढकलीत नेऊं शकतात.

परंतु जुन्या एंजिनाला असलेला एक लाभ ह्या सुटसुटीतपणांत गेला. मोटर आतां पाण्याच्या कांठीं बसली. वीज गेली, पाणी चढलें, मोटर भिजली, म्हणजे वीज परत आली तरी तिचा उपयोग नाहीं. पाण्यांतच बुडून काम करणारे बंद मोटरीचे पंप ह्यावर निघाले, आणि ते फार मोलाचे आहेत. पण बिघडला तर तो विहिरींतून वर काढावा लागतो, आणि तोंवर पाण्यानें किती मजल मारली तें मोजीत बसावें लागतें. खाणीचें पाणी नळाच्या पाण्यासारखें सालसही नसतें. त्यांत वाळू व दगडाची कणी असते, ती चक्राच्या पात्यांना कानसेसारखी घासते. माक्षिक, म्हणजे लोखंड व गंधक ह्यांचें सोनेरी दिसणारें खनिज, जेथें आहे तेथें तें हवापाण्यानें कुजून गंधकाम्ल तयार होतें. असें पाणी ओतीव लोखंडाचा पंप कांहीं महिन्यांत चाळण करून टाकतें, म्हणून तेथें कांशाचे किंवा न गंजणाऱ्या पोलादाचे भाग घालावे लागतात. शोषनळी अरुंद किंवा फार उंच असली तर चक्रापाशीं पाण्याला तेथल्या तेथें वाफेचे बुडबुडे येतात, ते फुटतांना धातूचे बारीक कण उडवितात, आणि पंपांतून खडे खुळखुळल्यासारखा आवाज येऊं लागतो. जाणता पंपवाला तो आवाज बोगद्याच्या दुसऱ्या टोंकाहून ओळखतो. आणखी एक धोका थांबण्याचा. ३०० मीटर उंच पाण्याचा स्तंभ तळाशीं दर चौरस सेंटिमीटरवर ३० किलोंचा दाब देत असतो. वीज एकदम गेली आणि झडप उशिरां मिटली, तर परतणाऱ्या पाण्याचा तडाखा नळ फोडूं शकतो.

म्हणून कोणत्याही शहाण्या खाणींत एका पंपावर विसंबत नाहींत. दुसरा तयार असतो, कोठें तिसराही. येथें एक गणित सांगतात. एक पंप दहांत एकदां दगा देतो असें धरलें, तर दोन्ही पंप एकाच वेळीं दगा देण्याचा संभव शंभरांत एक. गणित खरें आहे. मात्र दोन्ही पंप एकमेकांपासून अगदीं स्वतंत्र असतील तरच. दोघांना वीज देणारी तार एक, पाणी घेण्याचा हौद एक, त्यावरची जाळी एक, आणि वर जाणारा नळही एकच असला, तर जाळी गाळानें बुजली कीं दोन्ही पंप एकदम लंगडे होतात, आणि शंभरांत एक हा आंकडा पुन्हां दहांत एकावर येऊन बसतो. हार्टलेस पंप, हवा व माणसें ह्यांची वाट एक होती, तोच हा दोष लहान रूपांत. ह्यापेक्षां साधा उपाय पुष्कळदां अधिक उपयोगी पडतो: हौद मोठा ठेवावा. खाणींत तासाला १०० घनमीटर पाणी येत असेल आणि पंप बदलण्यास आठ तास लागत असतील, तर ८०० घनमीटरांचा रिकामा हौद म्हणजे त्या आठ तासांची मुदत. पण रिकामा हौद दिसतांना निरुपयोगी दिसतो. हौदांतील गाळ उपसण्याचें काम नेहमींच पुढच्या आठवड्यावर ढकललें जातें, आणि अर्धा हौद गाळानें भरला म्हणजे अर्धी मुदत कोणाला न कळतां संपलेली असते.

पंप कितीही चांगला असला तरी एका प्रकारच्या पाण्यापुढें त्याचा उपाय चालत नाहीं, हेंही सांगितलें पाहिजे. धनबादजवळच्या चासनाला खाणींत २७ डिसेंबर १९७५ रोजीं वरच्या जुन्या कामांत सांठलेलें पाणी एकाएकीं खालीं फुटलें. सरकारी गणतीप्रमाणें ३७५ माणसें गेलीं. असल्या लोंढ्यासाठीं पंप नसतो. त्यासाठीं जुन्या बोगद्यांचे खरे नकाशे व मध्यें राखलेली जाड भिंत लागते. मेघालयांत क्सान येथें १३ डिसेंबर २०१८ रोजीं, कायद्यानें बंदी असतांना चालविलेल्या एका अरुंद बिळाच्या कोळसा-खाणींत पाणी शिरून निदान १५ मजूर अडकले. आरंभीं तेथें २५ अश्वशक्तीचे दोन पंप होते. ते अपुरे ठरले. मग दूरदूरहून मोठे पंप नेण्यांत आले. त्यांत किर्लोस्कर ब्रदर्सचेही होते. लोखंडी नांगरापासून आरंभ केलेल्या ह्या महाराष्ट्रीय कारखान्याचें नांव पंपांच्या धंद्यांत सर्वत्र माहीत आहे. पंप चालले, पण पाणी अपेक्षेप्रमाणें उतरलें नाहीं. भोंवतालच्या सोडून दिलेल्या बिळांशीं त्या खाणीचा आंतून संबंध होता. एक खाण उपसावयाची म्हणजे सारा डोंगर उपसावयाचा, असा तो प्रकार झाला. नकाशे नव्हतेच. त्या मजुरांपैकीं कोणीही जिवंत बाहेर आला नाहीं.

खाण बंद झाली म्हणजे पंपाचें काम संपतें, अशी समजूत असते. कॉर्नवॉलमधील व्हील जेन ही कथलाची खाण १९९१ सालीं बंद झाली व पंप थांबविण्यांत आले. पाणी आंत चढत गेलें, कुजलेल्या खनिजांतून आम्ल व धातु घेत गेलें, आणि १९९२ सालच्या जानेवारींत एका जुन्या निचऱ्याच्या बोगद्याचें तोंड फोडून नदीच्या वाटेनें फाल खाडींत गेलें. खाडीचें पाणी नारिंगी झालें. त्यानंतर तेथें पाणी उपसून शुद्ध करण्याची कायमची व्यवस्था करावी लागली. ज्या खाणींतून कथलाचा एक कणही निघत नाहीं, तिच्यावर पंप मात्र चालू ठेवावे लागले.

जवळच्याच साउथ क्रॉफ्टींतील पंप १९९८ सालीं थांबले, आणि रॉबिन्सन शाफ्टवरील म्हाताऱ्या एंजिनानें व त्याच्या वारसांनीं जें पाणी इतकीं वर्षें दूर ठेवलें होतें, तें सगळें आंत येऊन बसलें. कथलाचा भाव पुन्हां चढल्यावर ती खाण उघडण्याचें ठरलें. त्यासाठीं आधीं पाणी शुद्ध करण्याचा कारखाना बांधावा लागला. मग दुसऱ्या एका शाफ्टमध्यें बुडीत पंप सोडण्यांत आले, आणि २०२३ सालीं, पंचवीस वर्षांनंतर, तें पाणी उपसण्यास आरंभ झाला.